शेवटच्या घराबाहेर

भाईंदरला आमच्या इंद्रलोकमधल्या घरात दर शनिवारी दुपारी बर्फ पडायचा. बाहेर अंगाची लाही होत असायची, पंखा पाचवर, उन्हासाठी पडदे ओढलेले आणि हॉलमध्ये तीन तरुण पोरं फरशीवर बसून दात वाजवल्याचं नाटक करत असायची. माझी मुलगी त्यांच्या मधोमध. बर्फ पाडायचं काम तिच्याकडे होतं.

हा खेळ माझ्या डोक्यात शिरायला वेळ लागला. यात पत्ते नाहीत, सोंगट्या नाहीत, कोणी जिंकत नाही आणि कोणी हरत नाही. मग तुम्ही नेमकं खेळता काय, असं मी येता-जाता विचारायचे. तर ते असं होतं. मुलीने मनाने एक मुलूख उभा केला होता, पार उत्तरेकडचा, बारा महिने गोठलेला. समोर काय दिसतंय ते तिने सांगायचं. बाकीच्या तिघांनी एकेक पात्र घेऊन त्या मुलखात फिरायचं आणि मी आता अमुक करतो, असं सांगायचं. जमेल की नाही अशी शंका असली तर वीस बाजूंचा फासा टाकायचा. मोठा आकडा आला की जमलं, लहान आला की फजिती. एवढ्यासाठी यांच्या दुपारच्या दुपारी जायच्या आणि माझे चिवड्याचे डबे रिकामे व्हायचे.

त्या मुलखाचा नकाशा तिने कार्डशीटं एकमेकांना चिकटवून केला होता. पहिल्यांदा तिने तो माझ्यासमोर पसरला तेव्हा मी त्याच्याकडे फ्लॅट बघायला गेल्यासारखं बघितलं. माझा नाइलाज होता. लालबागची खोली सोडून इकडे यायचं ठरल्यावर मी मीरा रोडपासून भाईंदरपर्यंत इतक्या बिल्डिंगी चढले-उतरले होते की कुठलीही नवी जागा दिसली की तोंडातून पहिला प्रश्न तोच येतो. मी विचारलं, इथे पाणी किती वाजता येतं? ती कपाळाला हात लावून म्हणाली, सगळीकडे बर्फच तर आहे. मी म्हटलं, बर्फ आहे म्हणजे पाणी आहे असं होत नाही, तो वितळवायचा कशावर?

तिने तेव्हा तोंड वाकडं केलं, पण पुढच्या शनिवारी नकाशावर 'धुराचं गाव' आलं. तिथली माणसं वाळलेलं शेवाळ जाळून बर्फ वितळवायची आणि सकाळी हंडे घेऊन रांगेत उभी राहायची. म्हणजे गाव माझं. त्या दिवशी मी पोह्यांवर ओलं खोबरं जरा सढळ हाताने घातलं.

हळूहळू त्या मुलखाची ठिकाणं मला आमच्या गल्ल्यांसारखी पाठ झाली. आधी कोल्ह्याची खिंड, मग हाडांचं रान, तिथून खाली न वितळणारा तलाव, तलावाच्या पलीकडे धुराचं गाव. सगळ्यात वर, जिथे कार्डशीट संपायचं, तिथे एकच घर होतं. त्याचं नाव शेवटचं घर. पुढे काय आहे, असं मी विचारलं की मुलगी म्हणायची, अजून मलाही माहीत नाही.

त्या तिघांतला एक जवळच्या गोडदेव गावातून यायचा. तो आणि माझी मुलगी कॉलेजपासूनचे मित्र. अंगाने इतका हडकुळा की वारा आला तर जिन्याचा कठडा धरेल, आणि खेळात मात्र त्याने सात फुटी राक्षस घेतला होता. सगळ्यांचं सामान तो वाहायचा, दारं तो मोडायचा, आणि अंधार दिसला की सगळ्यात आधी घाबरायचाही तोच. घरी आला की चपला काढता काढता विचारायचा, "काकू, आज काय हाय?" हे 'हाय' तो गोडदेवच्या जुन्या लोकांकडून शिकला होता. त्याची स्वतःची माणसं मराठवाड्यातली. वडील लहानपणीच गेले होते, आई अंधेरीला एका ऑफिसात नोकरीला होती. मला तो फार आवडायचा. आपल्या पोटचं नसलेलं एखादं पोर उगाचच आवडतं, तसा. मी त्याला येता-जाता टाकून बोलायचे आणि त्याच्या ताटलीत एक वडा जास्त वाढायचे.

पावसाळ्यातल्या एका शनिवारी खेळ शेवटच्या घरापर्यंत पोचला. तिघं आत, बाहेर वादळ, आणि शेकोटीची लाकडं संपत आलेली. आमचा राक्षस म्हणाला, मी घेऊन येतो. गोठलेल्या खाडीच्या काठाला वाहून आलेले ओंडके पडलेले होते, तिकडे तो निघाला. त्याने फासा टाकला आणि आकडा अगदीच लहान आला. मुलीने आवाज खाली आणून सांगितलं की तू काठापर्यंत पोचलायस, पण आता तुला काही म्हणजे काही दिसत नाहीये, मागे घर कुठे आहे तेही कळत नाहीये. आणि तिथेच तिने खेळ थांबवला. ही तिची सवयच होती. ऐन रंगात आलं की थांबायचं, म्हणजे पोरं आठवडाभर जळफळत राहतात. सगळे तिच्या नावाने ओरडले. तो लिफ्टमध्ये शिरताना म्हणाला की आठवडाभर मला थंडीत उभं करतेस, बघून घेईन. ती हसली, मीही हसले.

पुढचा शनिवार आलाच नाही. मंगळवारी त्याला ताप भरला, तो उतरेना, हॉस्पिटलात नेलं आणि शुक्रवारी पहाटे तो गेला. याहून जास्त मला लिहिता येत नाही.

खेळ बंद झाला. उरलेली दोघं अधूनमधून यायची, मोबाइलमध्ये बघत बसायची आणि चहा घेऊन जायची. नकाशाची गुंडाळी कपाटावर गेली. मुलगी ऑफिसला जायची, जेवायची, टीव्हीसमोर बसायची, सगळं वेळच्या वेळी. मला वाटलं, सावरतेय. एकदा आम्ही दोघी मेथी निवडत बसलो होतो. ती मान खाली घालूनच म्हणाली, "आई, तो अजून बाहेरच आहे."

मला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा माझा स्वभाव आडवा आला. मी म्हटलं, अगं, तुझंच जग आहे ना ते, मग सांगून टाक की आला परत, शेकोटीजवळ बसलाय. ती म्हणाली, तसं करता येत नाही. वारा, बर्फ, वाट, हे सगळं ती ठरवू शकते, पण माणसाने काय करायचं ते ज्याचं त्यानेच ठरवायचं असतं. त्याला घरात तिने आणलं तर तो आलेला नसेल, तिने आणून ठेवलेला असेल. खेळातल्या त्या दोघांनीही तिला हेच सुचवून पाहिलं होतं. तिला ते जमत नव्हतं आणि विसरताही येत नव्हतं. मी कसले मेले नियम म्हणून पुटपुटले, पण मेथीची जुडी तशीच हातात राहिली. इतके दिवस माझी मुलगी एका मुलाला वादळात उभं करून रोज ऑफिसला जात होती, आणि मला तिचं जेवण व्यवस्थित चाललंय याचंच समाधान होतं.

दिवाळी झाल्यावर त्याच्या आईचा फोन आला. तिच्याशी माझी ओळख दुःखाच्या दिवसांतलीच. ती जरा अवघडून म्हणाली की तो घरी त्या बर्फाच्या गावाबद्दल सारखं सांगायचा. तलाव म्हणायचा, कोल्हा म्हणायचा. ती कामावरून दमून आलेली असायची, भाकरी थापता थापता हूं हूं करायची. आता तिला ते बघायचं होतं. दर शनिवारी आपला मुलगा कुठे जात होता, तेवढं एकदा बघू द्याल का, असं तिने विचारलं.

घरात दुःख झालेल्या माणसाला बोलावून दोन घास खाऊ घालायची आपल्याकडे पद्धत आहे. ते खरं तर नातेवाइकांचं काम, पण मी म्हटलं, जेवायलाच या. फोन ठेवला आणि मुलीकडे बघितलं, तर तिचा चेहरा उतरलेला. तलाव दाखवेन, कोल्हा दाखवेन, ती म्हणाली, पण तो आता कुठे आहे असं काकूंनी विचारलं तर काय सांगू? मी म्हटलं, घरात आहे म्हणून सांग. आईला खोटं सांगितलं तर पाप लागत नाही. मला माझ्या मुलीचा चेहरा वाचता येतो. ती खोटं बोलणार नव्हती, आणि खरं ऐकून त्या बाईचं काय होईल याची मला भीती वाटायला लागली.

रविवारी ती आली. हातात एक डबा होता, त्यात शेंगदाण्याच्या पोळ्या. मी वरण-भात, बटाट्याची भाजी आणि शिरा केला होता. शिऱ्याचा पहिला घास तिने बराच वेळ तोंडात धरून ठेवला. मग नीट जेवली. जेवण झाल्यावर मी टीपॉय बाजूला सरकवला आणि मुलीने फरशीवर नकाशा पसरला.

मुलगी आधी अडखळत होती, मग तिचा तो शनिवारचा आवाज हळूहळू परत आला. ही कोल्ह्याची खिंड. इथला कोल्हा वाट सोडायच्या बदल्यात माणशी एक पायमोजा मागायचा, तर याने 'भाईसाब, रोज का आना-जाना है' करत तिघांत मिळून एकाच मोज्यावर सौदा पटवला. हे हाडांचं रान, इथे तो स्वतःच्याच सावलीला घाबरून सगळ्यांचं सामान टाकून पळाला. हा तलाव, इथे त्याने बर्फाला भोक पाडून मासा पकडला आणि मासा रडतोय म्हणून सोडून दिला. हे धुराचं गाव. इथे एका म्हातारीचं छप्पर उडालं होतं, ते वारा थांबेपर्यंत त्याने दोन्ही हातांनी डोक्यावर धरून ठेवलं. त्याची आई नकाशावर एकेका ठिकाणी बोट ठेवत होती. माशापाशी आल्यावर ती मोठ्याने हसली. म्हणाली, घरी बोंबलाचा वाससुद्धा सहन व्हायचा नाही त्याला, आणि तिकडं मासे धरत होता.

तिचं बोट वर सरकत सरकत कार्डशीटच्या टोकाला आलं. "आन् आता कुठंय तो?" तिने विचारलं.

मुलीने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, सांगू नकोस म्हणून. तिने सांगितलं. सगळं सांगितलं. वादळ, संपलेली लाकडं, लहान पडलेला आकडा, आणि मजा म्हणून तिथेच थांबवलेला खेळ. सांगता सांगता ती रडायला लागली. "मी त्याला बाहेर ठेवलं, काकू. मला वाटलं, शनिवारी येईलच."

मी उठून मध्ये पडणार होते. पण ती बाई रडली नाही की चिडली नाही. नकाशावर वाकून ती विचारायला लागली. घर किती लांब आहे तिथून? आत दिवा आहे का? आतल्यांचा आवाज त्याला ऐकू येईल का? मुलगी डोळे पुसत उत्तरं देत होती. फार लांब नाही. दिवा आहे. ओरडले तर ऐकू येईल. मग तिने विचारलं, त्याच्या वतीनं कुणी बोललं तर चालतं का? मुलगी म्हणाली, त्याच्या जागी बसून बोललं तर चालतं.

ती सरकून खिडकीच्या बाजूला बसली. तो तिथेच बसायचा, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. मुलीने त्याचा फासा कपाटातून काढून तिच्या हातावर ठेवला. तो मुठीत धरून तिने डोळे मिटले. मला वाटलं, आता म्हणेल की तो पळत घरी येतो.

"आधी लाकडं उचलतो," ती म्हणाली. "रिकाम्या हातानं यायचं न्हाई माझं लेकरू. जेवढी उचलवतात तेवढी घेतो. मग दिव्याकडं चालायला लागतो."

मुलगी हळू आवाजात सांगत गेली. वारा आहे, पण आता पाठीवर आहे. बर्फ गुडघ्यापर्यंत आहे. दिवा मोठा दिसायला लागलाय. समोर पायरी आली. त्याच्या आईने फासा टाकायला मूठ उघडली, तसा मुलीने तिच्या हातावर हात ठेवला.

"याला फासा लागत नाही, काकू. आलाय तो दारात."

त्याच्या आईने नकाशावरच्या त्या एवढ्याशा घरावर बोटाने टकटक केलं. मग थांबली. मुलगीही थांबली. आतली दोघं त्या दिवशी आमच्याकडे नव्हती, आणि दार आतल्या माणसानेच उघडायचं असतं. दोघींनी माझ्याकडे बघितलं. मी त्या खेळात कधी एक शब्द बोललेले नव्हते.

"ये रे," मी म्हटलं. "ठेव ती लाकडं. आत ये आधी."

त्याच्या आईने फासा पदरात घट्ट धरला आणि तेव्हा ती रडली, मोकळी होऊन, कितीतरी वेळ. माझी मुलगी तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. मी दोघींच्या शेजारी फरशीवर बसून राहिले.