नाटकातला गडी

जर्मनीत पोहोचलो तेव्हा नवऱ्याच्या नोकरीचे पहिले सहा महिने परीक्षेचे होते. या मुदतीत कंपनी कारण न देता त्याला काढू शकत होती. काढले तर दुसरी नोकरी शोधायला परवान्यावर तीन महिने मिळत, नंतर देश सोडायचा. मुदत पार पडेपर्यंत घरात काहीही मोठे घ्यायचे नाही असे आम्ही ठरवले. खिडक्यांना पडद्यांच्या जागी माझ्या दोन सुती साड्या लावल्या होत्या.

तो बेळगावातल्या वडगावचा. घरी यंत्रमाग, अजूनही साड्या विणतात. तो मागावर बसला नाही, उद्यमबागेतल्या कारखान्यात संगणकावर चालणारे सीएनसी यंत्र चालवायला शिकला आणि त्या कामावर इथवर आला. मी बेळगावातल्या एका मराठी दैनिकात उपसंपादक होते. सदलगा, खानापूर, सांबरा इथल्या वार्ताहरांच्या बातम्यांतला ‘लई’ काढून ‘खूप’ घालणे हे रोजचे काम होते. घरी आम्ही दोघेही ‘लई’च म्हणत होतो.

पहिले काही आठवडे आमच्याशी जर्मन लोक बोलले ते तक्रारीपुरते. रविवारच्या शांततेत कुकरची शिट्टी झाली म्हणून खालच्या मजल्यावरची बाई वर आली. काचेच्या बाटल्या चुकीच्या रंगाच्या पेटीत टाकल्या म्हणून एक म्हातारा मागे मागे आला. नवरा कारखान्यात हातवारे करून बोलत होता. घरी आला की तोंड दुखेपर्यंत बोलायचा, कारण दिवसभर तोंड उघडलेले नसायचे.

गणपतीच्या आधी शहरातल्या मराठी मंडळाचा पत्ता लागला. बहुतेक कुटुंबे पुण्या-मुंबईची, दहा-बारा वर्षांपूर्वी आलेली. अध्यक्षीणबाईंनी पहिल्याच दिवशी आम्हाला पोहे केले. गाव विचारले.

“बेळगाव? म्हणजे कर्नाटक ना? पण तुम्ही मराठी?”

“मराठीच की. लई पिढ्यांपासनं हाय तिथं,” नवरा म्हणाला.

बाई हसल्या. स्वयंपाकघराकडे वळून त्यांनी हाक मारली, “अरे, इकडे या, ऐका ऐका! भाऊ, परत बोला ना एकदा.”

तो परत बोलला. सगळे हसले. वाईट हसू नव्हते ते. त्याला बसायला सोफ्यावर जागा करून दिली गेली.

गणेशोत्सवात मंडळाचे छोटे विनोदी नाटक असायचे. त्यात पुण्यातल्या एका घरातला गडी होता. ही भूमिका दरवर्षी कोणीतरी ओढूनताणून करायचे. यंदा ती नवऱ्याकडे आली. दिग्दर्शकाने त्याला तालमीत एकच सूचना दिली, “तुम्ही अभिनय करू नका. जसं बोलता तसंच बोला.”

“मग त्यात काय अवघड न्हाय,” तो म्हणाला. तालीम पाच मिनिटे थांबली, एवढे लोक हसले.

प्रयोग रंगला. तो झाडू घेऊन नुसता आला तरी टाळ्या पडत होत्या. नाटकानंतर जेवायच्या रांगेत लोक त्याच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढत होते. त्या रात्री घरी येताना ट्राममध्ये तो म्हणाला, “बघितलंस न्हवं? आता आपली मानसं झाली इथं.”

प्रयोगाची चित्रफीत आम्ही वडगावला पाठवली. माग बंद करून घरच्यांनी आणि शेजारच्या दोन घरांनी ती बघितली. दुसऱ्या दिवशी सासूबाईंचा फोन आला. आवाजात कौतुक नव्हते, काळजी होती.

“काय गं, पोरगं दुसऱ्याच्या घरात झाडू का मारायलंय?”

“नाटक होतं आत्ती.”

“नाटक होतं ते कळालं. पन तो साधं विचारतोय, ‘च्या ठेवू काय मालक’, त्यात त्येनी हसायलेत कशाला?”

वडगावात कोणीही हसले नव्हते, हे मला नंतर दिराकडून कळले. त्यांना त्यात हसण्यासारखे काही सापडले नव्हते. तो रोजच्यासारखा बोलत होता.

त्यानंतर मंडळाच्या प्रत्येक जेवणात त्याला बोलायला लावले जाई. “भाऊ, आमटी कशी झालीय?” असे विचारून लोक तोंडाकडे बघत थांबत. तो म्हणे, “लई झ्याक.” मुलेसुद्धा येऊन म्हणत, “काका, काहीतरी बोला ना.” हळूहळू तो त्यांना हवे ते देऊ लागला. दिवाळीपर्यंत त्याच्या बोलण्यात ‘आवं बाईसायेब’, ‘जी सरकार’ असले शब्द आले. ते वडगावात कोणी म्हणत नाही. त्याच्या आजोबांनीही कधी म्हटले नसतील. ते सिनेमातून आले होते. मी एकदा घरी विचारले, “हे कुठनं शिकलासा?”

“त्यांना आवडतंय गं. उद्या गरज लागली तर हीच मानसं येनार.”

गरज लागली. जानेवारीत कारखान्याच्या ऑर्डरी कमी झाल्या आणि परीक्षेच्या मुदतीत असलेल्या सगळ्यांना नको म्हणून सांगितले गेले. त्याच्या कामाबद्दल तक्रार नव्हती. तसे त्यांनी लिहूनही दिले.

मंडळात एक ज्येष्ठ अभियंते होते, त्यांना सगळे दादा म्हणत. शेजारच्या गावातल्या एका कारखान्यात ते विभागप्रमुख होते आणि त्यांना यंत्रावर माणसे हवी होती, हे त्यांनीच मागच्या जेवणात सांगितले होते. नवऱ्याने ठरवले, संक्रांतीच्या कार्यक्रमात सगळ्यांसमोरच सांगायचे. एकाने नाही तर दुसऱ्याने शब्द टाकला असता.

तिळगूळ वाटून झाला. जेवणे झाली. तो उभा राहिला, आणि तो उभा राहिल्याबरोबर खोली गप्प झाली. दोघांनी फोन वर धरले.

“मला जरा बोलायचं हाय,” तो म्हणाला. “कंपनीनं मला नको म्हनून सांगितलंय. तीन म्हैन्यांत दुसरं काम मिळालं न्हाय तर माघारी जावं लागंल.”

पहिले हसू मागच्या बाजूने आले. मग सगळीकडून. कोणीतरी म्हणाले, “काय टायमिंग आहे!”

“न्हाय, खरंच सांगायलोय.”

हसणे वाढले. एका लहान मुलीने टाळ्या वाजवल्या. अध्यक्षीणबाई डोळे पुसत होत्या. त्याने सगळ्यांकडे बघितले, आणि मग तोही हसला. हसतच खाली बसला.

मी उभी राहिले. छापील मराठीत दोन वाक्ये बोलले. नोकरी गेल्याची तारीख सांगितली, परवान्याची मुदत सांगितली. फोन खाली आले. “अगं बाई, खरंच?” अध्यक्षीणबाई म्हणाल्या. “मग तसं नीट सांगायचं ना!” कोणीतरी चहाचे विचारले.

दादा लवकर निघाले. मी त्यांना दारात गाठले. ते बूट घालत होते.

“त्यांचं काम चांगलं असणार, त्यात शंका नाही,” ते म्हणाले. “पण वहिनी, मला माझं नाव पुढे करावं लागतं. आमच्याकडे सीरियस माणूस लागतो. टीमसमोर उभा राहिला तर वजन पडलं पाहिजे.”

“तुमच्या कारखान्यात मराठी कळणारे किती जण आहेत?”

“मीच एक.”

“मग हसणार कोण?”

त्यांनी बुटाची नाडी बांधली, पुन्हा सोडली, पुन्हा बांधली. “बघतो,” म्हणाले. नंतर त्यांचा फोन आला नाही. मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर मात्र आम्हाला शुभेच्छा आल्या, हात जोडलेल्या चित्रांसह.

तीन महिने नवऱ्याने अर्ज केले. दोन ठिकाणी बोलावणे आले, दोन्हीकडे जर्मन कमी पडले. या काळात तो घरी माझ्याशीही कमी बोलायचा. जे बोलायचा ते आधी मनात जुळवून, ‘न्हाय’च्या जागी ‘नाही’ घालून. एप्रिलमध्ये साड्या खिडकीवरून काढल्या आणि आम्ही परत आलो.

सांबऱ्याच्या विमानतळावर दीर आणायला आला होता. वडगावच्या घरी शेजारपाजार जमला. माग बंद करून माणसे दारात बसली. त्यांनी थंडी किती, पगार किती, दूध कसले, सगळे विचारले. नवरा एकेका शब्दात उत्तर देत होता.

“काय रं अण्णा,” दीर म्हणाला, “‘होय’ काय, ‘नाही’ काय! मास्तर झालास व्हय तिकडं जाऊन?”

दारातले सगळे हसले. नवरा उठून आत गेला. कपडे न बदलता गादीवर आडवा झाला आणि भिंतीकडे तोंड केले. दीर ओशाळला. “चेष्टा केली गं वहिनी,” म्हणाला.

सासूबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. बाहेर ऐकू जाणार नाही अशा आवाजात त्यांनी विचारले, “तिकडं कुनी काय बोललं काय त्येला?”

“न्हाय आत्ती,” मी म्हणाले. “सगळ्यांचा लई लाडका होता.”