उत्तरेच्या भिंतीवर रोप कुणी धरला

क्वेकर्स हिलला आम्ही घर घेतलं तेव्हा एजंट दहादा म्हणाला, लिव्हिंग रूम नॉर्थ-फेसिंग आहे. इथे दक्षिण गोलार्धात ऊन उत्तरेकडून येतं, त्यामुळे उत्तर म्हणजे ऊब. जुलैतल्या एका शनिवारी सकाळी मी त्याच उबेत बसून फोनवरचा एक ठिपका बघत होते. तो ठिपका म्हणजे माझी मैत्रीण. ती आल्प्समधल्या एका शिखराच्या उत्तरेच्या भिंतीवर होती, आणि तिकडे उत्तर म्हणजे ऊन फिरकत नाही ती बाजू. नुसता बर्फ आणि काळा कातळ. एकटी चढत होती, खाली रोप, म्हणजे कमरेचा दोर, धरायला कुणी नाही.

ती एकटी का चढते, ते मला माहीत होतं.

पुण्याहून आम्ही दोघी एकाच वर्षी इथल्या युनिव्हर्सिटीत आलो. शनिवार-रविवार ब्लू माउंटन्समध्ये कडे चढायला. ती चढायची, मी खाली उभी राहून तिच्या कमरेचा रोप धरायची. नियम एकच, खालच्या माणसाचा उजवा हात रोपवरून सुटता कामा नये. जगबुडी आली तरी. एका आर्व्होला, म्हणजे दुपारी, माझा फोन वाजला. दोन वर्षं डोळे लावून बसले होते ती पीआरची, इथे कायम राहायच्या परवानगीची मेल. मी हात काढला. दोन सेकंद, फार तर तीन. तेवढ्यात ती वरून आली ती थेट खडकावर, आणि घोटा मोडला.

"रोप ओला होता गं, सटकला," मी लगेच म्हणाले. इतकं सफाईदार खोटं मी जन्मात बोलले नव्हते. वर संध्याकाळी मेलचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला, तोही वेळेसकट! ती कधी पडली ते ॲम्ब्युलन्सच्या कागदावर होतंच. दोन्ही वेळा जुळतात हे लक्षात आल्यावर माझ्या तोंडचं पाणी पळालं. स्क्रीनशॉट डिलीट केला. ती मात्र पाय वर टांगून विचारत होती, "पेढे कुठेत, पेढे?"

प्लास्टर निघाल्यावर ती म्हणाली, "आता रोपबिप नको बाई, एकटीच बरी." हसत म्हणाली. आधी इथलेच कडे, मग न्यूझीलंडचा बर्फ, मग आल्प्स. दरवेळी तिची वेळ सांभाळायचं काम मी मागून घेतलं. ती एक वेळ देऊन जायची. तोवर मेसेज आला नाही, तर मी तिथल्या रेस्क्यू टीमला फोन करायचा. "आणि घाबरून आधी केलास ना, तर तुझं थोबाड बघणार नाही," हे वर.

नऊ वर्षं मी हे करत होते. ती पडली असती, तर ती मीच पाडलेली असती, फक्त उशिरा.

त्या शनिवारची वेळ होती आमच्या इथले दुपारचे चार. तिकडच्या शुक्रवारी रात्रीपर्यंत ती वर पोचायला हवी होती. पण सकाळी सहाला ठिपका थांबला, माथ्याच्या खाली. तिकडे तेव्हा रात्रीचे दहा. हवामानाच्या साइटवर बर्फ दिसत होता. दर दहा मिनिटांनी ठिपका लुकलुकायचा, त्याच जागी. तिच्याजवळचं ट्रॅकरचं यंत्र चालू आहे एवढंच कळत होतं. बाई चालू आहे का, ते यंत्र सांगत नाही. दोनदा रेस्क्यूचा नंबर लावला आणि दोनदा कट केला.

"अगं, नेटबॉलच्या स्कोअरिंगची ड्युटी तुझी आहे आज," नवरा म्हणाला. मुलगी बूट घालून दारात उभी. गेले.

आणि मग जे झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. मी विसरले. ठिपका, बर्फ, मैत्रीण, सगळं. फोन गाडीत राहिला, त्याची आठवणही आली नाही. दोन मॅचचे गोल लिहिले, सॉसेज सिझलच्या स्टॉलवर ब्रेडवर कांदा घालत उभी राहिले, कुणाच्या तरी जोकवर पोट धरून हसले. ग्राउंडवर मॅगपाय गात होते. खरं सांगते, इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. जसं काही मी तिथे नव्हतेच.

"आई, कॅन वी गो नाऊ?" मुलीने बाही ओढली तेव्हा एक वाजला होता.  गाडीकडे पळाले. दार उघडेना, उजव्या हाताची बोटं आखडून वळली होती. सकाळभर पेन्सिल धरली होती, त्याने असेल. फोन पाहिला, तर ठिपका हलला होता. वर सरकत होता. घरी पोचल्यावरही मी गाडीतच बसून राहिले. तीन चाळीसला मेसेज आला: "टॉपला. ऊन आलं. भूक लागलीय." मी स्टिअरिंगवर डोकं टेकून भोकाड पसरलं.

तीन आठवड्यांनी ती माझ्या किचनमध्ये ओट्याशी उभी होती. दोन बोटांची टोकं हिमदंशाने काळी पडलेली. मी चहा टाकला होता.

"पाटाएवढ्या जागेवर बसले होते गं," ती म्हणाली. "झोपले असते तर संपलंच होतं. रात्री दोन वाजल्यापासून डोळे मिटायला लागले. पण तू झोपू दिलं नाहीस."

"मी?"

"खाली उभी होतीस ना, रोप धरून. पहाटे पाचपर्यंत. थंडीत होतात असे भास, सगळ्यांना होतात. पण काय बडबडलीस गं!"

तिकडचे दोन ते पाच, म्हणजे इकडचे दहा ते एक. चहात किसायचं आलं माझ्या हातात तसंच राहिलं.

"काय बडबडले?"

"म्हणालीस, रोप ओला नव्हता. मेल आली म्हणून हात काढला."

चहा उकळत होता. तिला आधीपासून माहीत होतं का? की त्या भिंतीखाली खरंच कुणी उभं होतं? यातलं जास्त भयंकर कुठलं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, बरं. आता तरी धर."

मी गॅस बंद केला.  "ऐक ना," मी म्हणाले, "तेव्हा मी नेटबॉलला होते. तुझी आठवणसुद्धा नव्हती मला. आणि तू पडलीस त्या दिवशी रोप खरंच ओला नव्हता गं. हात मीच काढला."

 तिने त्या काळ्या बोटांनी कप पुढे सरकवला.

"अगं," ती म्हणाली, "किती वेळा सांगशील?"