कुंद्याची वही

अभय, मीरा, माझ्या नातवंडांनो,

माझं पाकीट शिपायाने चिमट्याने उचललं होतं. लाख वितळवायच्या शेगडीतले निखारे हलवायचा चिमटा. जागा अमरावतीची कचेरी. "महाराची ना तू? खालीच ठेव," तो म्हणाला. मी उंबऱ्याबाहेर फरशीवर ठेवलं. तापल्या लोखंडाने पाकिटाचा कोपरा करपला, आतल्या कागदांचाही. आत माझ्या हाताने लिहिलेलं इंग्रजी टेंडर होतं.

हे आजवर कोणाला सांगितलं नाही. आता लिहिते, कारण परवा फोनवर, अभय, तू म्हणालास, "आजी, परदेशी बँकेच्या पैशातलं पाहणीचं काम मिळतंय. मेळघाटातली एक छोटी संस्था सोबत घेतली आहे. माहिती त्यांची. त्यांचं नाव मात्र टेंडरपुरतंच, अहवालावर आमचंच." आणि तू हसलास. मी फोन ठेवला. आता क्रमाने सांगते.

स्वातंत्र्य आलं होतं, पण कागदावर आपला प्रांत अजून मध्यप्रांत-वऱ्हाडच होता. काळ्या रानात कुंदा माजला होता. हे तण मुळं इतकी खोल धरतं की नांगराला दाद देत नाही. माझा बा कुंदा खणणाऱ्या टोळीचा मुकादम. बारा घरं. उन्हाळाभर पहारीने रान उलथायचं, हीच रोटी.

तेवढ्यात बातमी आली. सातासमुद्रापलीकडची बँक सरकारला कर्ज देणार, मोठाले ट्रॅक्टर येणार, कुंदा मुळासकट निघणार. म्हणजे आमची टोळी संपली. पण आधी पाहणी हवी होती. कोणत्या रानात कुंदा किती, किती खोल. तिचं टेंडर निघालं.

बा म्हणाला, "मशीन येऊनच राह्यली तं तिले जागा आपुनच दाखवू. आपल्याशिवाय कोनाले मालूम हाय?"

मी मॅट्रिक झालेली. बा पहार खुपसायचा, मी वहीत लिहायची. तेल्हारा झालं, मग पातूर. गावाचं नाव, रान, आणि मुळं किती हात खोल. एक चूक माझ्याकडून झाली. आमच्या टोळीत खोली वरून मोजत नसत. वरची वीतभर माती वखराची, म्हणजे शेतकऱ्याची. वखराची पास, म्हणजे त्याचं लोखंडी पातं, जिथे थांबते, तिथून टोळीचं माप सुरू. आमच्या घरात हे कोणी कोणाला सांगत नसे. म्हणून मीही टेंडरात लिहिलं नाही. नमुन्यादाखल तेल्हाऱ्याची पानं उतरवून जोडली.

टेंडर बाद झालं. कारण दिलं, अर्जदारांची पेढी नाही. काम एका वकीलसाहेबांच्या पेढीला मिळालं.

आठवड्याने त्यांनी आम्हाला बोलावलं. आम्ही अंगणात उभे, ते ओसरीवर. समोर कागद पसरलेले. कोपरा करपलेला.

"अक्षर सुरेख आहे हो पोरीचं," ते बाला म्हणाले. "आमच्या कागदावर उतरवून देऊ दे. नाव पेढीचं राहील. तुला नावाचं करायचंय काय? टोळीला खड्डे खणायचं काम देतो."

बाने हात जोडले. बारा घरांच्या चुली त्या दोन हातांत होत्या. मी त्याला दोष दिला नाही, आजही देत नाही.

त्यांच्या गोठ्यात बसून मी माझंच लिहिलेलं उतरवलं. घरात येऊ देत नव्हते. म्हशीच्या शेणात पाय, मांडीवर पाट, आणि कागदाच्या माथ्यावर दुसऱ्याचं नाव. त्या दिवशी मी नकार दिला नाही. तेही लिहून ठेवते.

मग बँकेचा गोरा इंजिनिअर तेल्हाऱ्याकडच्या रानात आला. कागदावर दीड हात. बाने खड्डा खणला, साहेबाने वरून पट्टी लावली. दीड हाताखाली मुळं तशीच, पांढरी, जिवंत. साहेबाचा चेहरा बदलला. "हे मोजलं कोणी?" त्याने विचारलं.

वकीलसाहेबांनी बाच्या दिशेने बोट दाखवलं. "ही अडाणी माणसं. यांना हातसुद्धा मोजता येत नाही." हे इंग्रजीत. मग माझ्याजवळ सरकून मराठीत, हळू आवाजात: "सांग त्यांना, चूक बापाची आहे. तुमचं काम टिकेल."

बा पहारीला टेकून उभा होता. त्याला इंग्रजी येत नव्हतं. बोट कळत होतं.

मी साहेबाला इंग्रजीत सांगितलं, "चूक बापाची नाही. मोजमाप आमचं आहे. ते वखराच्या खालून आहे. वरची वीत त्यात मिळवा."

साहेबाने वीत मिळवली. माप जुळलं. त्याने आनंदाने हात पुढे केला. माझ्यापुढे नाही, वकीलसाहेबांपुढे. "तुमचे नोकर हुशार आहेत," म्हणाला.

मी बोलले आणि माझ्या बोलण्याने त्यांचंच काम पक्कं झालं.

जाताना वकीलसाहेब म्हणाले, "पातूरची पानं उद्या घेऊन ये."

"नाही."

"काय?"

"पेढीच्या नावाखाली बाचं नाव लिहा. मग वही मिळेल."

"मग उपाशी मरा."

मेलो नाही, पण उपाशी राहिलो. टोळी फुटली. बा अकोल्याच्या जिनिंगमध्ये कापसाचे बोद, म्हणजे भरलेली मोठाली पोती, उचलू लागला. त्याचा खोकला तिथला, त्याचं मरणही तिथलं. टोळीतल्या बाया मला पाहून तोंड फिरवायच्या. एकजण म्हणाली, "तुह्या इंग्रजीनं आमची भाकर खाल्ली."  

वही जाळावी असं एकदा वाटलं. बाने हातातून घेतली. "काहून जाळतं? एक पान त्याईले देजो नोको. हे आपल्या पायानं चालून लिवलं हाय."

पातूरच्या पाहणीत पेढीने अंदाजाने आकडे भरले. तिथे कुंदा पुन्हा उगवला. याचा मला आनंद झाला नाही. ते रानही कोणीतरी कसत होतंच.

अभय, त्या संस्थेचं नाव पहिल्या पानावर लिही, शेवटपर्यंत ठेव, नाहीतर त्यांची माहिती परत कर. दोन्हींतलं एकही केलं नाहीस तर मी त्यांना माझ्या हाताने पत्र लिहीन, इंग्रजीत, आणि बँकेलाही. मी तुझी आजी आहे. म्हणून आधी तुला सांगते.

बाची पहार दारामागे उभी आहे. वही माझ्या कपाटात आहे, पातूरच्या पानांसकट. शेवटच्या पानावर टोळीच्या बारा घरांची नावं आहेत आणि ती वाचता येतात.