फणसाशेजारची पांढरी रेघ

माझ्या मुलीचं लग्न मी कावळ्यांना दाखवलं, हे आधीच कबूल करून टाकते. नाहीतरी कुणीतरी सांगणारच, तर माझ्याच तोंडून ऐका.

अंगणात जवळा वाळत घातला होता आणि कावळे काही ऐकत नव्हते. वाऱ्यावर चकचकेल, फडफडेल असं काहीतरी हवं होतं. घरात शुभाच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट होती. तिची डिस्क करून आणून आठवडा झाला होता. डिस्क आली म्हणजे कॅसेटीचं काम संपलं, असं ठरवून मी कॅसेटीच्या पोटातली सगळी फीत ओढून काढली आणि माडापासून फणसापर्यंत फेऱ्या मारत बांधली. तीन तासांचं लग्न, वारा आला की गुणगुणायचं. कावळे फिरकले नाहीत. तेव्हाची मी स्वतःवर इतकी खूश, की शेजारणीला बोलावून दाखवलं.

ज्यांनी ती डिस्क करून दिली होती, ते त्याच दिवशी आमच्या बेड्यावरून, म्हणजे अंगणाच्या फाटकासमोरून, सायकलनं चालले होते. उतरले. फीत दोन बोटांत धरून उजेडाकडे केली, सोडली. चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसला.

"वयनी, ह्या मूळ होता."

एवढंच बोलले आणि सायकलवर बसले. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर मी विसरले असते.

मालवणच्या बाजारात, मासळी मार्केटच्या वरच्या अंगाला त्यांचं दुकान होतं. डिस्का भाड्यानं द्यायचे, प्लेअर दुरुस्त करायचे, लोकांची लग्नं-मुंजी कॅसेटीवरून डिस्कवर उतरवून द्यायचे. असा माणूस तुमच्याही गावात असेल. परत आलेली प्रत्येक डिस्क ते एक डोळा मिटून उजेडात धरत, मऊ फडक्यानं पुसत आणि गिऱ्हाइकाला बजावत, "मदसून भायर. गोल न्हय." म्हणजे पुसायचं ते मधून कडेकडे. मी मात्र डिस्क पितळेच्या ताटासारखी गोल घासायची. राख लावायची तेवढी बाकी ठेवली होती.

पुढे बाजारात जास्त स्वच्छ चित्राच्या नव्या डिस्का आल्या. त्याही दोन तऱ्हेच्या, एक दुसरीच्या मशीनवर चालत नसे. लॉजवाले येऊन विचारायचे, "काय ओ, एचडी हाडलात काय?" डिस्कवाले म्हणायचे, "दोगांतली एक मरतली. मरतली ती माझ्या फळयेर नको." लोक हसले. मीही हसले, जरा जास्तच. पुढे दोघींतली एक खरंच बंद पडली, तरी ते कुणाला म्हणाले नाहीत, की बघा, मी सांगितलं होतं. जिंकलेलीसुद्धा त्यांनी आणली नाही. जुनीच डिस्क मोठ्या टीव्हीवर बऱ्यापैकी दाखवणारा एक प्लेअर ते विकत राहिले. घरोघरी ज्या डिस्का आहेत, त्यांचंच बघायला हवं, हे त्यांचं म्हणणं.

आता शुभाचं सांगते, कारण सगळं तिच्यासाठी होतं.

शुभानं दोडामार्गचा मुलगा आपल्या मनानं निवडला. ह्यांना, म्हणजे माझ्या मालकांना, ते रुचलं नाही. ते जहाजावर नोकरीला. लग्नाला आले, सगळं रीतसर केलं, पण लेकीशी बोलले नाहीत. आठ दिवसांनी परत जहाजावर गेले आणि तिथून ते वारल्याची बातमीच आली.

शुभा माहेरी यायची ती पाहुण्यासारखी. एकदा फोनवर आमचं वाजलं आणि तिनं इतकी वर्षं पोटात ठेवलेलं बाहेर काढलं. "आये, मी गाडीत बसलंय तेव्हा बाबांनी माझ्याकडे बघूक पण नाय. तोंड फिरवून उभे रवले."

"रडत होते ते!" मी म्हटलं. "सीडीत आसा. ये, दाखवतंय तुका."

आता खरं सांगते. मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मुलीची गाडी सुटताना आईनं बेशुद्ध पडावं, अशी माझी समजूत होती. मी माजघरात आडवी पडून नाकाला कांदा लावून घेत होते, आणि एक डोळा किलकिला करून कोण कोण बघतंय ते बघत होते.

शुभा म्हणाली, "रविवारी येतंय. नाय दिसला तर परत ह्यो विषय नको. आणि मी पण येवचंय नाय वारंवार."

हातात चार दिवस होते. मी डिस्क लावली. गाडी हलते, फणसाखाली हे उभे, मान वळवलेली. नव्या मोठ्या टीव्हीवर चेहरा म्हणजे भाताची पेज. मग माझं डोकं चाललं. म्हापशाला जाऊन तो जिंकलेल्या डिस्कांचा महागडा प्लेअर घेऊन आले. मशीन स्वच्छ म्हणजे चित्र स्वच्छ! घरी येऊन लावला. पेज तशीच, फक्त नीट वाढलेली.

तरातरा दुकानात गेले आणि सगळा राग त्यांच्यावर काढला. "भावजीनू, तुमी डिस्कच वायट केल्यात! माझ्या घोवाचा तोंडच नाय तेच्यात!"

त्यांनी डिस्क उजेडात धरली. गोल गोल ओरखडे पाहिले.

"वयनी, आसा ता दिसतला. नाय ता मी खंयसून हाडू?" मग म्हणाले, "जाळा टाकलास तेव्हा भोकां मोठी होती. बारीक मासो तेव्हाच गेलो. आता वाळूत बसान बारीक जाळा इणलास म्हणान तो परत येतलो?"

"मगे तुमचो प्लेअर काय करता?"

"दोन ठिपक्यांच्या मदी आपल्या अंदाजान तिसरो भरता. अंदाजच तो."

"भरूने," मी म्हटलं. "माका अंदाज चलात."

माझ्याकडे बघून त्यांनी डिस्क पुसली, मदसून भायर, आणि दुकानातल्या प्लेअरमध्ये घातली. एकेक बटण दाबत चित्राला धार दिली. पेजेतून नाक वर आलं, मिशी आली. आणि गालावर डोळ्यापासून खाली उतरलेली एक पांढरी रेघ आली.

मी दुकानात ओरडले. "रडतत! बघा, रडतत ते!"

त्यांनी पेन घेऊन पडद्यावर टेकवलं. फणसाच्या खोडाला तशीच पांढरी रेघ होती. समईला होती. लाडवांच्या परातीच्या काठालाही होती.

"धार जास्त केली की मशीन कडेक रेघ मारता," ते हळू म्हणाले. "दादा रडतत तर मगे फणस पण रडता, वयनी."

मला तेव्हा त्यांचा इतका राग आला होता की काय सांगू. दोन मिनिटं थांबले असते तर काय बिघडलं असतं? मी आवाज खाली आणला. "शुभा येतली तेव्हा ह्या असाच ठेवा. फणसाकडे कोण बघता?"

"प्लेअर जोडूक मी येतलंय," ते म्हणाले. "पण माका ईचारल्यान तर खोटा सांगूचंय नाय."

रविवारपर्यंत मी देवाला एकच मागितलं, की शुभाला डिस्कवाल्यांना विचारायची बुद्धी होऊ नये. देवाला माझे असले अर्ज पाठ आहेत. तो ते वाचतही नसावा.

रविवारी दुपारी शुभा आली. खुर्चीच्या कडेवर बसली, पर्स मांडीवर घट्ट. परतीची एसटी कितीची, ते आल्या आल्या सांगून टाकलं. डिस्कवाले वायरी जोडून भिंतीला टेकून उभे राहिले. लग्न पुढे पळवलं. गाडी आली. फणस आला. मी चित्र थांबवलं.

"बघ," मी म्हटलं. "गालार बघ."

शुभा पुढे झुकली. किती वेळ बघत होती कोण जाणे. मग ती वळली, पण माझ्याकडे नाही. "काका, ता पाणी आसा?"

ते चष्मा काढून पुसायला लागले. मी त्यांच्याकडे असे डोळे वटारले की दुसरा कुणी असता तर पळाला असता.

"नाय गो," ते म्हणाले. "ती रेघ मशीनीची. पाणी होता की नव्हता, ता माका सांगूक येवचा नाय."

शुभा उठली. पर्स खांद्याला अडकवली. मी रिमोट उचलला. काय तोंडानं काय बोलणार होते, देव जाणे.

"बंद करू नकात," ते म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढलेला ऐकला. "पुढे बघा. पुढे कोणीच बघूक नाय."

गाडी गेली की आमच्याकडे सगळे टीव्ही बंद करायचे. लग्न संपलंच ना! पण कॅमेरावाला त्या दिवशी कॅमेरा स्टँडवर तसाच चालू ठेवून पंगतीला बसला होता, आणि कॅमेरा बेड्याकडे बघत होता.

गाडी चौकटीबाहेर गेली. बायका आत गेल्या. हे मात्र फणसाखालून निघून बेड्यापर्यंत चालत गेले आणि रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. आता तर नुसती पाठ. मांडववाले मागून खुर्च्या नेत होते. कुणीतरी एक खुर्ची ह्यांच्याजवळ ठेवली, हे बसले नाहीत. गाडीवरून गळून पडलेली झेंडूची माळ वाकून उचलली. तिचं काय करावं कळेना. मग ती सदऱ्याच्या खिशात कोंबायला लागले. मावेना, तरी कोंबत राहिले. फुलं पडली, ती वेचली, परत कोंबली. आणि परत रस्त्याकडे बघत उभे. बारा मिनिटं. चित्र संपलं तेव्हाही तिथेच होते.

चेहऱ्याची गरजच पडली नाही.

शुभानं पर्स खाली ठेवली. "आये, परत लाव," म्हणाली. एसटी गेली. शुभा चार दिवस राहिली.

त्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. जिंकलेली डिस्कसुद्धा कुणी मागत नाही, सगळं फोनवरच येतं. डिस्कवाले जाऊन दोन वर्षं झाली. घरी कुणी काही पुसत असलं की माझ्या तोंडून आपोआप निघतं, मदसून भायर. नातवंडांना वाटतं, आजीचं काहीतरी चाललंय.

पण त्या रविवारी त्यांना बेड्यापर्यंत पोचवायला गेले, तेव्हा मला एक आठवलं होतं. डिस्क करायला दिली तेव्हा मीच ताठ्यात सांगितलं होतं: एकाच डिस्कवर बसवा, दोन डब्या कोण सांभाळणार? आणि गाडी गेल्यानंतरचं फालतू कापून टाका.

"भावजीनू, मी तर कापूक सांगितललंय."

"सांगितल्यात खरा. मी कापूक नाय. सगळा एका डिस्कीत बसवचा तर चित्र पातळ करूचा लागला. तोंड पुसट झाला ता तेच्यामुळे."

"मगे इतके दिस मी तुमच्या नावान बोंब मारतंय, तेव्हा सांगल्यात कित्याक नाय?"

त्यांनी सायकल स्टँडवरून काढली, फणसाकडे एकदा वर पाहिलं आणि म्हणाले, "तुमी तोंड कित्याक दिसना नाय, इतक्याच ईचारीत होतात. आता ही डिस्क तरी कावळ्यांक दाखवू नकात."