पाण्याच्या कलानं पोहणारे भावजी

माझ्या धाकट्या दिराइतका वेगवान पोहणारा बारामती तालुक्यात दुसरा झाला नाही. त्या वेगातला निम्मा वाटा कालव्याचा होता, एवढं सोडलं तर. कोऱ्हाळ्याच्या वरच्या पुलावरून तो उडी टाकायचा, खालच्या पुलाशी बाहेर निघायचा आणि ओल्या लंगोटावर काठाकाठानं चालत येऊन पुन्हा उडी टाकायचा. कालव्याला पाणी सुटलं की सराव, बंद झालं की विश्रांती. थोडक्यात, त्याचं क्रीडाजीवन पाटबंधारे खातं चालवत होतं. "वहिनी, आज सायकलवाल्याला मागं टाकलं," असं तो दारातूनच सांगायचा. "आणि पाण्याला, भावजी?" मी विचारायची. उत्तरादाखल तो चार अंडी मागायचा. पोहणारे अंगावर केस ठेवत नाहीत असं कुठंसं वाचून त्यानं वस्तऱ्यानं दोन्ही पाय गुळगुळीत केले, तेव्हा आमचे सासरे, आबा, मला हळूच म्हणाले, "सूनबाई, पोराला भाजलं का काय?"

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. तो कॉलेजच्या पहिल्याच वर्षाला दुसऱ्यांदा बसला होता आणि आबांनी निकाल दिला होता, "औंदा पवण्यात कायतरी करून दाव, न्हायतर एमआयडीसीत डेअरीला लाग." त्याला कॉलेज सोडायचं नव्हतं. अभ्यासाच्या प्रेमानं नव्हे. पण पोहणारा म्हणून त्याला ओळखणारी ती एकच जागा होती.

पुण्याला कॉलेजांच्या पोहण्याच्या स्पर्धेला घरातून मी गेले, कारण आमचे हे उसाला पाणी देत होते आणि टॉवेल सांभाळायला कुणीतरी हवंच होतं. कॉलेजचे क्रीडाशिक्षक मूळचे कबड्डीचे, पाण्याशी त्यांचा संबंध आंघोळीपुरता. "शंभर मीटर, जाऊन यायचं," एवढंच त्यांनी शिकवलं होतं. शिट्टी झाली. पलीकडच्या भिंतीला हा सगळ्यांच्या आधी, चांगला दोन हात पुढं. मी टॉवेल हलवायला लागले, तोच हा कठडा धरून बाहेर आला आणि तलावाच्या कडेनं झपझप चालत निघाला. बाकीची पोरं भिंतीला पाय मारून केव्हाच वळली होती. पंच मागं धावत असताना यानं सुरुवातीच्या जागी येऊन नीट सूर मारला.

बाद झाल्याचं सांगितलं तर म्हणाला, "सर, अजून अर्धं राहिलं हुतं की."

"अरे, पोहतच माघारी यायचं असतं."

"पाण्यातनं कुणी माघारी येतं व्हय?"

पहिला आला शेजारच्या इंदापूरचा मुलगा. ते त्याला बाद होण्यापेक्षा जास्त लागलं. एसटीत बारामती जवळ आली. मग म्हणाला, "वहिनी, हरलो म्हणा. चालत आलो म्हणू नका."

आबांनी विचारलं, "कितीनं हरला?"

"थोडक्यात," मी म्हणाले.

आबांनी अडकित्त्यानं सुपारी कातरली. "मग अजून एक साल बघू दे त्याला."

त्या वर्षभर तो पुलाच्या खांबाशी प्रवाहाच्या उलटं पोहायला शिकला. मी डबा घेऊन शेतात जाताना पाहायची: हात मारतोय, मारतोय, आणि आहे तिथंच आहे. पुढच्या स्पर्धेच्याच सुमारास तो तापानं पडला आणि पुढच्या उन्हाळ्यात डेअरीत लागलाही. पण एका संध्याकाळी तो खांबापासून वरच्या अंगाला चांगला दोन हात सरकलेला मी पाहिला होता. तेवढं मात्र घरी येऊन मी आबांना खरं सांगितलं.