पिशाच्चाला ‘या’ कोण म्हणणार

नव्वदच्या दशकात मी रक्तपिशाच्चाच्या तीन कादंबऱ्या लिहिल्या. नाशिकच्या वाचनालयांतून त्या पानं सुटेपर्यंत फिरल्या. दहा-बारा वर्षांनी एका निर्मात्याने त्यांवर प्रौढांसाठी मालिका काढायचं ठरवलं आणि पटकथाही मलाच लिहायला सांगितली. अट एकच, पहिल्या भागाची तालीम दिग्दर्शकाला पटली पाहिजे. नाहीतर मुंबईचा लेखक येणार आणि माझं नाव ‘मूळ कल्पना’ म्हणून शेवटी बारीक अक्षरांत जाणार.

माझ्या पिशाच्चाला एक नियम होता. कुणी ‘या’ म्हटल्याशिवाय त्याला घरात पाऊल टाकता येत नाही. कादंबरीत नायिका एकटी राहते. तो बाहेर, ती आत, मध्ये दार, एवढ्यावर दोनशे पानं निघाली होती. मालिकेला माणसं लागतात म्हणून मी तिला सासू, दीर, जाऊ असं भरलं घर दिलं. तेरा भाग हा दारात ताटकळणार, असा बेत.

तालीम सायखेड्याला, नदीजवळच्या एका घरात होती. सासूच्या कामाला गावातल्याच एक मावशी घेतल्या होत्या. पिशाच्च झालेला नट भर उन्हात काळा कोट घालून दारात उभा राहिला. सुनेने नुसतं त्याच्याकडे पाहायचं होतं. तेवढ्यात मावशी पदर खोचत आतून आल्या.

“अहो, दारात काय उभे ऱ्हायले? या ना. बसा, चहा टाकते.”

नट बूट काढून आत येऊन बसलासुद्धा.

“ताई,” दिग्दर्शक हसत म्हणाला, “तुमचं पिशाच्च पहिल्याच मिनिटाला पाहुणा झालं. आता बारा भाग काय, फराळ?”

“मावशी, तुम्ही बोलायचं नव्हतं,” मी म्हटलं.

“आन् माणूस दारात उभा ठेवायचा? लय वाईट दिसतं. मला नाय जमायचं.”

त्यांचं बरोबर होतं. याच जिल्ह्यात जन्म काढून ही चूक मी केली होती.

मुंबईच्या लेखकाला लावायला दिग्दर्शकाने फोन काढला. “खिडकी फोडून आणू त्याला. दात दाखवू. प्रौढांसाठीच आहे ना?”

“म्हणूनच नको. खिडकी फोडणाऱ्याला मुलं घाबरतात. अर्धा तास द्या.”

ओट्यावर बसून नियम बदलला. घरात कुणीही बोलवावं. पण जिचं रक्त हवं, तिने स्वतः बोलावल्याशिवाय त्याला तिच्या अंगाला हात लावता येणार नाही. मावशींची वाक्यं तशीच ठेवली. दीर खुर्ची पुढे करतो, जाऊ गाव विचारते. सून कप त्याच्यापासून हातभर लांब ठेवते आणि ‘घ्या’ म्हणत नाही.

पुन्हा तालीम झाली. या वेळी कुणी हसलं नाही. प्रवेश संपल्यावर मावशी सुनेचं काम करणाऱ्या मुलीकडे बघत म्हणाल्या, “ही घ्या म्हणंना का? वळखलं वाटतं त्याला. का हिच्याच मनात हाय?”

दिग्दर्शकाने मावशींकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “कधी बोलावते ती?”

“तेराव्या भागात.”

“दहाव्यात आणा.”

“तेराव्यात.”

त्याने फोन खिशात टाकला आणि दाराशी लावलेला कॅमेरा उचलून सुनेसमोर लावायला सांगितला.