खांबेट्यांची जीभ

खांबेटे गेल्याचं मला त्यांच्या मुलीनेच कळवलं, आणि तेही जपानीत. एका ओळीचा मेसेज होता. जपानीत वडिलांना हाक मारायला एक शब्द असतो आणि परक्या माणसाजवळ त्यांचा उल्लेख करायला दुसरा. सईने माझ्याशी परक्यांसाठीचा शब्द वापरला होता. क्रियापदही तसंच, ऑफिसच्या सूचनाफलकावर शोभेल असं आदबशीर. मी तेव्हा प्रयोगशाळेत होते, हातात रबरी मोजे होते. आपल्याकडे दुखण्यातून गेलेल्या माणसाबद्दल 'सुटले बिचारे' असं म्हणायची पद्धत आहे. माझ्या मनात मात्र पहिला शब्द आला तो 'सुटली'... आणि तो मी मागे घेतला नाही, आज इतक्या आठवड्यांनंतरही घेत नाही.

अरविंद खांबेटे टोकियोतल्या एका विद्यापीठात इतिहास शिकवत. युरोपातली जहाजं अमेरिकेच्या किनाऱ्याला लागली त्यानंतरची पहिली शंभरेक वर्षं, एवढाच त्यांचा प्रांत. पुण्याच्या माणसाने जपानमध्ये बसून, स्पेनच्या लोकांनी कॅरिबियन बेटांवर काय केलं ते इंग्रजीतून शिकवायचं, यात काही गमतीचं आहे असं त्यांना कधी वाटलं नाही. स्पॅनिश अस्खलित, पोर्तुगीज कामापुरती, लॅटिन वाचण्यापुरती. जपानी मात्र औषधालाही नाही. इतकी वर्षं काढूनही स्टेशनवर काही विचारायचं झालं तर ते हाताने खुणा करत. माझ्या मते याला कारण एकच होतं, आणि ते आळस नव्हतं. या माणसाला चुकीचं बोलणं सहन व्हायचं नाही, दुसऱ्याचंही आणि स्वतःचं तर त्याहून नाही. मी 'ट्रेन पकडली' म्हटलं की म्हणायचे, "का, चोर होती का?" अशा माणसाने बालवाडीतल्या मुलासारखं अडखळत जपानी बोलायचं म्हणजे नाक कापून घेण्यासारखंच. त्यापेक्षा त्यांनी न बोलणं पत्करलं.

त्यांचा खास अभ्यास होता दुभाष्यांचा. पहिल्या सफरीत जहाजावर हिब्रू आणि अरबी जाणणारा एक माणूस नेला होता, कारण जहाजं आशियात पोचणार अशी सगळ्यांची खात्री होती. हा गृहस्थ बेटावर उतरून पानाफुलांत राहणाऱ्या लोकांशी अरबी बोलला असणार, हे सांगताना खांबेटे इतके हसत की त्यांना डोळे पुसावे लागत. मग आवाज एकदम खाली यायचा. अरबी चालेना तेव्हा दर्यावर्द्यांनी सोपा उपाय काढला. माणसंच पकडायची. त्यांना स्पेनला न्यायचं, अंगावर कपडे चढवायचे, बाप्तिस्मा देऊन नवी नावं द्यायची, भाषा शिकवायची. त्यातले बरेचसे आजाराने मरत. उरतील त्यांना परत आणून त्यांच्याच किनाऱ्यावर, त्यांच्याच लोकांपुढे उभं करायचं. अशा माणसाला स्पॅनिश लोक सरळ 'जीभ' म्हणत. नव्या किनाऱ्यावर उतरायचं तर आधी दोन-चार जिभा पकडून आणाव्या लागतील, अशी भाषा. हे शिकवताना खांबेट्यांचा आवाज भरून यायचा, हे मी स्वतः त्यांच्या वर्गात मागे बसून पाहिलंय. मला हा माणूस आवडत असे, तेही इथेच लिहून ठेवते, कारण पुढे लिहायला जमेल असं वाटत नाही.

भूकंपात अणुभट्टी फुटली त्या वर्षी आम्ही टोकियोजवळच्या इचिकावात एकाच इमारतीत राहत होतो. सई तेव्हा सात वर्षांची. त्या दिवसांत गल्लीतल्या भोंग्यावरून सारख्या सूचना यायच्या, वीज कधी जाणार, कधी जाणार नाही, मग एके दिवशी नळाच्या पाण्यात किरणोत्सर्ग सापडला आहे, लहान बाळांना ते देऊ नका म्हणून. खांबेटे तिला बाल्कनीत उभी करत आणि ती फ्रॉकचं टोक मुठीत धरून एकेक वाक्य मराठीत सांगे. त्यांच्या बायकोला, शुभदाला, ते पाण्याचं ऐकल्यावर तिथे एक दिवसही काढवेना. इमारतीतली निम्मी भारतीय कुटुंबं आधीच निघून गेली होती. ती मुलीला घेऊन पुण्याला जायला निघाली, तेव्हा खांबेटे म्हणाले की तुला जायचं तर जा, मुलीची शाळा इथे आहे. महिन्याभराने परत येईन म्हणून शुभदा गेली ती गेलीच. आधी आई आजारी, मग फोनवर भांडणं, मग फोनच कमी. सगळ्यांनी शाळेचं कारण धरून ठेवलं. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. शाळा पुण्यातही होत्या. पुण्यात खांबेट्यांना बोलायला कोणाची गरज पडली नसती, इथे मात्र सईवाचून त्यांचं पान हलत नव्हतं.

मग ती त्यांच्याबरोबर सगळीकडे. नगरपालिकेत, बँकेत, घरमालकाकडे, गॅसवाल्याच्या फोनवर. पाहुण्यांना तिची ओळख करून देताना ते तिच्या डोक्यावर हात ठेवत, "ही माझी जीभ." लोक कौतुकाने हसत. त्यांनी तिला नियम घालून दिला होता, जोडायचं नाही आणि गाळायचं नाही. एकदा कचऱ्याच्या दिवशी त्यांनी बाटल्या चुकीच्या पिशवीत टाकल्या. खालच्या मजल्यावरचे आजोबा भडकून वर आले आणि दारात उभं राहून बोलत सुटले. मी जिन्यात होते. नऊ वर्षांची ती पोर कमरेत वाकून त्यांची माफी मागत होती, आणि मागे वळून बापाला भाषांतर करून सांगत होती, की परदेशी लोक घाणेरडे असतात, त्यांनी आपल्या देशात जावं. तिने खरंच काही गाळलं नाही. खांबेट्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "'आपल्या' नाही, 'आपापल्या'. बाकी बरोबर."

माझा त्यांच्याशी वाद होता तो एवढाच. त्या मुलीला या कामातून मोकळी करा. मी बरोबर येते, माझा नवरा येईल, पैसे टाकले की माणूस मिळतो, इथल्या कचेऱ्यांत हल्ली फोनवरसुद्धा दुभाषी देतात. त्यांनी ऐकलं नाही. एकदा मी चिडून म्हटलं की तुम्ही वर्गात ज्यांच्यासाठी रडता त्यांच्यातलीच एक घरी ठेवली आहे. ते म्हणाले, ती मुलगी आहे माझी, कैदी नाही. मी म्हटलं, त्यांनाही कपडे, जेवण आणि नाव दिलंच होतं की. यावर ते मनापासून हसले, वाद चांगला जमला की हसत तसे, आणि मला चहा ओतून दिला. मग सईला हाक मारली, कारण दाराची बेल वाजली होती.

दुभाष्याच्या हातात एकच सत्ता असते, असं त्यांचं आवडतं मत होतं. चुकीचं सांगण्याची. पेरूच्या राजाचे शब्द फिरवून सांगितल्याचा ठपका असलेला एक दुभाषा होता. उत्तरेच्या एका किनाऱ्यावरून उचललेला एक तरुण होता, त्याला स्पेनमध्ये शिकवलं, मोठ्या माणसाचं नाव दिलं, आणि काही वर्षांनी धर्मगुरू त्याला विश्वासाने बरोबर घेऊन त्याच्याच मुलखात उतरले. तो त्यांना सोडून आपल्या लोकांत गेला आणि परत आला तो त्यांना मारायलाच. खांबेटे ही गोष्ट सांगताना टेबलावर थाप मारत. सई शेजारी बसून गृहपाठ करत असायची. ती मान वर करत नसे, आणि ते तिच्याकडे पाहत नसत.

ती नववीत गेली त्या वर्षी खांबेट्यांच्या पोटात दुखायला लागलं. तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरांनी निदान सांगायला बोलावलं तेव्हा मी हट्टाने बरोबर गेले. मी भाषांतर करते म्हटलं. "तू मऊ करून सांगशील," ते म्हणाले, "सई बोलेल." डॉक्टर मध्यमवयीन बाई होत्या. शाळेचा गणवेश घातलेल्या मुलीला पाहून त्यांनी हातातले कागद पालथे ठेवले. मला म्हणाल्या की हे मुलीकडून नको. मी ते खांबेट्यांना सांगितलं. त्यांनी इंग्रजीत ठणकावून सांगितलं की रुग्ण मी आहे आणि दुभाषा मी निवडेन. शेवटी त्या बाई बोलायला लागल्या, सईला कळावं म्हणून सावकाश, सोप्या शब्दांत, प्राथमिक शाळेत शिकवावं तसं. ते ऐकवत नव्हतं.

"गाठ आहे," सई म्हणाली. "कॅन्सरची. पसरली आहे."

त्यांनी विचारलं, कुठल्या अवयवाला. सईला तो शब्द जपानीत येत होता, मराठीत येत नव्हता. येणार कुठून? मी म्हटलं, स्वादुपिंड. खांबेट्यांनी माझ्याकडे न बघता हात वर केला. "तू नको. तिला शोधू दे." आम्ही थांबलो. डॉक्टरबाईंना काय चाललंय ते कळेना, त्या माझ्याकडे बघत राहिल्या. सईने गणवेशावरून स्वतःच्या पोटावर हात ठेवला, मग जरा वर सरकवला, आणि म्हणाली, "इथे... पोटाच्या मागे. नाव माहीत नाही." मग त्यांनी विचारलं, किती दिवस. तिने डॉक्टरांना विचारलं, उत्तर ऐकलं, आणि बापाकडे तोंड केलं.

"नवीन वर्ष... कदाचित नाही."

"असं मराठी नसतं," खांबेटे म्हणाले. "'कदाचित नवीन वर्ष दिसणार नाही.' म्हण."

तिने म्हटलं. पूर्ण वाक्य, जसं सांगितलं तसं, क्रियापदासकट. मी त्या खोलीतून उठून बाहेर गेले. भ्याले होते म्हणून ते तसं वागले, असं मला पुढे अनेकांनी समजावलं. भ्याले असतीलच. मरणाच्या भीतीने माणूस व्याकरणाला धरत असेल, तेही समजू शकते. पण मग ती पोर कशाला धरत असेल, हे मला अजून कोणी समजावलेलं नाही. त्या दिवसापासून ती घरात कामापुरतं मराठी बोलायची आणि आम्हा बाकीच्यांशी फक्त जपानीत. ते शेवटपर्यंत तिच्यामार्फतच जगले. दुखतंय, पाणी, नर्सला बोलाव, ती काय म्हणाली. नवीन वर्ष त्यांनी पाहिलं नाही.

अंत्यसंस्काराला त्यांचे थोरले भाऊ अण्णा पुण्याहून आले. वडील लवकर गेल्यावर त्यांनीच खांबेट्यांना वाढवलं होतं. शुभदा आली नाही, फोनवर तिने एवढंच विचारलं, मुलगी अण्णांबरोबर येतेय ना. अण्णा विमानातून उतरल्यापासून भेटेल त्याला अरविंदाबद्दल विचारत होते, विद्यापीठातल्या लोकांना, शेजाऱ्यांना. कोणी चार चांगले शब्द बोललं की त्यांचे डोळे भरायचे, आणि घरी गेल्यावर हे सगळ्यांना सांगेन म्हणायचे. सांगत होती अर्थात सईच.

इथे दहनानंतर नातेवाईक भट्टीपुढे उभे राहून अस्थी उचलतात. दोघांनी मिळून, लांब काड्यांनी एकेक हाड. पायाकडून सुरुवात करून डोक्याकडे जायचं, म्हणजे कलशात माणूस उलटा होत नाही. अण्णांची काडी दोनदा घसरली, सईची नाही. सगळ्यात शेवटी तिथल्या कर्मचाऱ्याने एक लहानसं हाड वेगळं काढून दाखवलं. मानेतलं असतं ते, ध्यानाला बसलेल्या माणसासारखं दिसतं, म्हणून जपानी लोक त्याला गळ्यातला बुद्ध म्हणतात. हातमोजा घातलेला हात त्याच्याखाली धरून तो सईकडे पाहत बराच वेळ बोलला. म्हणाला, हे इतकं अखंड फार क्वचित मिळतं. ज्याचं मिळतं तो माणूस सगळ्यांशी मायेने वागलेला असतो, असं जुनी माणसं सांगतात. तुमच्या वडिलांचा तुमच्यावर फार जीव असणार. कदाचित तो सगळ्यांनाच हे सांगत असेल, पण त्याने ते मनापासून सांगितलं. सईने वाकून त्याचे आभार मानले.

"काय म्हणतायत गं, बाळा?" अण्णांनी विचारलं.

"हे मानेचं हाड आहे," सई म्हणाली. "शेवटी ठेवायचं."

"एवढंच? बराच वेळ बोलत होते ते. अरविंदाबद्दल काही म्हणाले का?"

"नाही."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मला जपानी येतं हे त्यांना माहीत होतं. सईनेही पाहिलं, कितीतरी दिवसांनी सरळ माझ्या डोळ्यांत.

"नाही अण्णा," मी म्हटलं, "काही म्हणाले नाहीत."